उष्टी काढणाऱ्या केसोबाची कहाणी

ऐका बायांनो, अन्नपूर्णेआईची कहाणी. हातात चार अक्षता घ्या, लेकरं मांडीवर घ्या, नि हुंकार देत ऐका.

आटपाट म्हणतात तसं एक नगर होतं. तिथं केसोबा नावाचा गरीब गृहस्थ राहात होता. त्याची बायको येसू, नि एकुलती एक लेक तुळसा. केसोबा देवळात पुराण सांगे, लोक पसापसा धान्य देत, त्यावर घर चाले. मग काय झालं, एका हिवाळ्यात केसोबाचा घसा बसला तो बसलाच. काही केल्या पुराण सांगण्याइतका आवाज फुटेना. देवळात दुसरा पुराणिक आला. येसूची चूल थंड पडली.

मग केसोबा काम शोधायला निघाला. सावकाराकडे गेला. सावकार म्हणाला, "तुम्ही पुराणिकबुवा. तुम्हांला मी काय काम सांगू?" तिथून निघाला, वैद्याकडे गेला. वैद्य म्हणाला, "औषधं घोटायला माणूस आहे माझ्याकडे." तिथून निघाला, कोतवालाकडे गेला. कोतवाल म्हणाला, "आवाज नाही, तर पहारा कसा द्याल?"

मग उन्हानं दमला नि राजाच्या अन्नछत्राच्या ओट्यावर टेकला. आचाऱ्यानं त्याला पाहिलं. आत नेलं, पोटभर जेवू घातलं. मग म्हणाला, "बुवा, काम आहे माझ्याकडे, पण सांगायला जीभ रेटत नाही. उष्टी काढायची आहेत. पंगत उठली की पत्रावळी उचलायच्या, जमीन सारवायची, मग पातेली घासायची. आवाज लागत नाही." केसोबाला घर आठवलं. उपाशी लेक आठवली. उठला, धोतराचा काचा मारला, नि आपलीच पत्रावळ आधी उचलली.

संध्याकाळी फडक्यात तांदूळ, डाळ, गुळाचा खडा बांधून घरी आला. येसूनं चूल पेटवली. तुळसा पोटभर जेवली. मग केसोबानं येसूला काम सांगितलं. येसूचा घास हातात राहिला.

"कोणी पाहिलं का तुम्हांला?" तिनं विचारलं.

"पुष्कळांनी पाहिलं असेल. पण पत्रावळी उचलणाऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतं?"

त्या दिवसापासून तिनं एक केलं. नवऱ्याला मागच्या बोळानं यायला सांगितलं. दारात राख नि लिंबाची फोड ठेवली. केसोबानं हात चोळचोळून धुवावे, वास घेऊन पाहावा, मग घरात यावं. असं चाललं.

मग एके दिवशी नदीवर शेजारीण म्हणाली, "येसूबाई, चुलीचा धूर दिसतो हल्ली. भावोजी कुठं लागले?" येसू म्हणाली, "राजाकडे लागले." दुसऱ्या खेपेला विहिरीवर दुसरी म्हणाली, "राजाकडे म्हणजे काय करतात?" येसू म्हणाली, "अन्नछत्राचा कारभार. त्यांचा हात लागल्याशिवाय दुसरी पंगत बसत नाही." तसं ते खोटंही नव्हतं. तिसऱ्या खेपेला हळदीकुंकवाला सगळ्याच जमल्या. येसू म्हणाली, "आमच्या घरात राजाच्या कारभाराच्या गोष्टी बोलत नाहीत." असं म्हणताच बायका सरकल्या, तिला मधे जागा दिली. येसूला बरं वाटलं. बायांनो, येसू वाईट नव्हती हो. गरिबी तिनं सोसली होती, लोकांचं हसणं तिला सोसवत नव्हतं.

मग श्रावण आला. एका गुरुवारी भर दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. पाठीला बाक, अंगावर विटकं लुगडं. म्हणाली, "मुली, भुकेजले गं." येसूनं पाट दिला, पाणी दिलं, पान वाढलं. म्हातारी निवांत जेवली. मग म्हणाली, "भात गोड आहे. रांधला कोणी?" येसू म्हणाली, "मीच." "घरी आणला कोणी?" "आमच्या यजमानांनी." "काय काम करून आणला?" येसूनं दाराकडे पाहिलं. शेजारीण अंगणात वाळवण घालत होती. येसू म्हणाली, "कारभारी आहेत ते."

म्हातारीनं हात धुतला. म्हणाली, "मुली, तू मला जेवू घातलंस. तुला अन्नपूर्णेचा वसा सांगते, घेशील का?" येसू म्हणाली, "घेईन. पण तो कसा करावा ते सांगा." म्हातारी म्हणाली, "श्रावणातल्या गुरुवारी दारं सताड उघडावी. अन्नपूर्णेपुढं पान मांडावं. हे अन्न कोणाच्या कोणत्या कामातून घरी आलं, ते चार माणसांना ऐकू जाईल असं सांगावं. मग ज्याचं काम लोक हलकं म्हणतात, असं माणूस पहिल्या पंगतीला बसवावं, नि जेवल्यावर त्याचं पान आपल्या हातानं उचलावं. उतू नको, मातू नको, घेतला वसा झाकू नको." येसूनं विचारलं, "झाकला तर?" म्हातारी म्हणाली, "तर घासाची चव जाईल." एवढं बोलून ती गेली. येसूनं उंबऱ्यात येऊन पाहिलं, तर रस्त्यावर कोणी नव्हतं.

पुढचा गुरुवार आला. येसूनं पान मांडलं. दारं उघडायला गेली, तर समोर बायका उभ्या. तिनं कडी लावली. हात जोडले, पदर तोंडावर धरला, नि अन्नपूर्णेच्या कानाशी लागून काय सांगायचं ते कुजबुजली. पंगतीला कोणाला बोलावलं नाही. मग जेवायला बसली. पहिला घास घेतला, तो मातीसारखा लागला. मीठ घातलं, तरी आळणी. गूळ घातला, तरी फिका. तूप घातलं, तरी कोरडा. तुळसा म्हणाली, "आई, आज भाताला काय झालंय?" येसू म्हणाली, "तांदूळ जुना असेल." केसोबा मात्र पान संपवून उठला. दिवसामागून दिवस असे गेले. येसू रोडावली, पण वसा उघडा करेना.

इकडे तुळसा उपवर झाली. नाकीडोळी नीटस, कामाला चपळ. दुसऱ्या गावच्या एका तालेवार घरातली बाई, तिचं नाव भागीरथीबाई, तिच्या कानावर आलं की राजाच्या कारभाऱ्याची लेक लग्नाची आहे. तिनं मुलगी पाहिली, पसंत केली. मुलगा मोरेश्वर, गुणी नि शांत. येसूला आनंद मावेना.

केसोबा म्हणाला, "त्यांना खरं सांगू या."

येसू म्हणाली, "मग लग्न मोडेल. लेकीचं एवढं होऊ द्या, मग सांगू."

"मग लग्नात मी कोण म्हणून उभा राहू?"

येसूनं खाली पाहिलं. म्हणाली, "तुम्ही राजाबरोबर दौऱ्यावर गेलात, असं सांगेन. कन्यादान तिचा मामा करील."

केसोबानं दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "बरं. पण मला लेकीचं लग्न बघू दे. मांडवात उष्टी काढायला माणूस लागेलच ना? मी येतो. तिथं मला कोणी ओळखणार नाही."

येसूच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण ती नको म्हणाली नाही.

लग्न लागलं. मामानं कन्यादान केलं. केसोबानं मुंडासं भुवयांपर्यंत ओढलं होतं. मांडवाच्या खांबाआडून त्यानं लेकीच्या अंगावर अक्षता टाकल्या. मग पंगती बसल्या. नवरानवरी एका पानावर, शेजारी भागीरथीबाई, भोवती रांगोळ्या. तुळसाला वाटत होतं, बाबा घरी बसले असतील. तिला घास उतरेना.

पंगत उठायला आली. उष्टी काढणारा पुढं झाला. लेकीच्या पानापाशी आला नि त्याचे हात थबकले. तेवढ्यात भागीरथीबाईंनी पदर आवरला. म्हणाल्या, "खरकटे हात लांब ठेव रे. शालूला लागतील." तो म्हणाला, "हो, आईसाहेब," नि मागं सरला. तो बसका आवाज तुळसानं ओळखला. वर पाहिलं. मुंडाशाखाली बापाचे डोळे दिसले.

तुळसा उठली. नवऱ्याच्या शेल्याची गाठ सोडली, पदर खोचला, नि वाकून पत्रावळी उचलू लागली. बाप म्हणे, "नको गं, बाळ." ती ऐकेना. मांडवात गलबला झाला. भागीरथीबाई म्हणाल्या, "सूनबाई, हे काय आरंभलंस? तो कोण लागतो तुझा?"

तुळसा म्हणाली, "ते आई सांगेल."

सगळा मांडव येसूकडे पाहू लागला. शेजारणी होत्या, भाऊ होता, व्याही होते. कडी लावायला तिथं दार नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता, कोपरापर्यंत वरण लागलेलं. मग येसू पुढं झाली. मोठ्यानं म्हणाली,

"हे माझे यजमान, तुळसाचे वडील. राजाच्या अन्नछत्रात उष्टी काढतात. त्यावर आमची चूल पेटते, त्यावर ही मुलगी वाढली. यांनी कोणाला खोटं सांगितलं नाही. यांना कारभारी मी केलं, माझ्या तोंडानं. मी यांना मागच्या बोळानं आणलं, नि आज लेकीच्या लग्नात परकं केलं."

मग तिनं पाण्याचा तांब्या घेतला, केसोबाचे हात आपल्या हातांनी धुतले. पाट मांडला, नवी पत्रावळ मांडली, नि म्हणाली, "बसा." केसोबा बसला. तिनं वाढलं. शेजारी बसून आपण एक घास घेतला, नि तिला भाताची चव लागली. ती तिथंच रडू लागली. केसोबा म्हणाला, "अगं, जेव. निवेल."

भागीरथीबाई उठल्या. म्हणाल्या, "आम्हांला फसवलंत." नि जाऊन मांडवाच्या कडेला बसल्या. आता झालं काय, दुसरी पंगत ताटकळत उभी होती नि पहिलीची उष्टी तशीच पडली होती. वाढपी म्हणाले, "आमचं काम वाढायचं." आचारी म्हणाला, "माझं काम रांधायचं." वऱ्हाडी म्हणाले, "आम्ही तर वरपक्ष." केसोबा पानावरून उठू लागला.

तेव्हा मोरेश्वर उठला. शेला कमरेला बांधला, नि तुळसाच्या शेजारी वाकून पत्रावळी गोळा करू लागला. आई म्हणाली, "अरे, तू?" तो म्हणाला, "सासरे जेवताहेत, आई. त्यांना भरल्या पानावरून उठवू का?" नवरानवरीनं मिळून मांडव साफ केला. दुसरी पंगत बसली.

मग केसोबा जेवून उठला, तर येसूनं त्याचं पान उचललं. आपल्या हातानं, सगळ्यांच्या देखत. मग केसोबा म्हणाला, "विहीणबाई रागावून पानावरून उठल्या. त्यांचं पान वाढ." येसू पान घेऊन गेली. भागीरथीबाईंनी एक घास तोंडात घातला, तो त्यांना आळणी लागला. येसूनं त्यांना म्हातारीची नि वशाची हकीगत सांगितली. भागीरथीबाईंनी भाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "या भाताला कोणाकोणाचे हात लागले, ते तरी सांग." येसूनं सांगितलं. चिखलात रोपं लावणारी सांगितली, धान्य कांडणारी सांगितली, लाकडाची मोळी आणणारी सांगितली, नि शेवटी उष्टी उचलणारा सांगितला. भागीरथीबाईंनी पुन्हा घास घेतला. चव आली. पान संपवलं.

येसूनं विचारलं, "तुमचा राग गेला का?"

त्या म्हणाल्या, "अर्धा गेला. काम ऐकून आधी राग आला, ते खरं. पण खोटं बोललीस त्याचा अजून आहे. तो हळूहळू जाईल."

मग लेकीला सासरी धाडायची वेळ आली. मुलीचा हात सासूच्या हातात द्यायचा असतो. मामा पुढं झाला. भागीरथीबाई म्हणाल्या, "तिचे वडील असताना मामा कशाला?" केसोबा मागं उभा होता. त्यानं हात धोतराला पुसले, वास घेतला, पुन्हा पुसले. भागीरथीबाई म्हणाल्या, "व्याही, या. स्वच्छ आहेत हात." मग केसोबानं लेकीचा हात त्यांच्या हातात दिला. भागीरथीबाईंनी तो घेतला, नि त्याबरोबर केसोबाचाही हात क्षणभर तिथं राहिला. त्यांनी तो झटकला नाही. केसोबाला बोलायचं होतं, पण बसका घसा आणखी बसला. तुळसा म्हणाली, "बाबा, कळलं."

पुढं येसूनं वसा उघड केला. कधी गटार उपसणारा पंगतीला आला, कधी मसणवटीत लाकडं रचणारा, कधी न्हाणीघरं घासणारी. पहिल्या वर्षी शेजारणी नाक मुरडून उंबऱ्याबाहेर राहिल्या. मग एक आत आली, म्हणाली, "माझा भाऊ दुसऱ्या गावी लोकांचे जोडे सांभाळतो. कधी बोलले नव्हते मी." मग दुसरी आली. मग कोणी बाहेर उरलं नाही. भागीरथीबाईंनीही वसा घेतला. पान उचलायला त्यांना जरा वेळ लागला, पण एका श्रावणात त्यांनी तेही उचललं.

नि अन्नपूर्णा प्रसन्न झाली म्हणून केसोबा काही कारभारी झाला नाही. उष्टीच काढत राहिला. पण आता तो मधल्या पेठेनं, ओळखीच्या माणसांशी बोलत घरी येई. येसू पायरीवर वाट पाहात बसे. नातू झाला, तो आजोबांच्या खांद्यावर बसून अन्नछत्र पाहून आला, नि आजोबांचं काम गावभर सांगत सुटला.

जशी अन्नपूर्णा येसूला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. तिच्या घासाला चव आली, तशी आपल्या घासाला येवो. कोणा लेकीचा बाप तिच्या मांडवात परका न होवो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली. सांगणारीला सुफळ, ऐकणारीला सुफळ, नि तुमच्याआमच्या घरात राबणाऱ्या सगळ्यांना सुफळ संपूर्ण होवो.