साळुंकीचं रिंगण

सरदार हैबतरावांनी मैदानात फक्कीचं गोल रिंगण आखून घेतलं, शामियान्यात पाहुणे बसवले आणि साळुंकी घोडीवर बसून फेऱ्या सुरू केल्या. पण शामियाना जवळ आला की घोडी दरवेळी रेघेबाहेर सरके. पाहुणे गालात हसू लागले, तसं सरदारांचं डोकं फिरलं.

"खोडील जात! घाला हिला गोळी!"

शिपायाने बंदूक ठासली. सरदारांच्या वहिनी सुंदराबाई पुढे झाल्या, कारण शिंगरू असल्यापासून साळुंकीला त्यांनीच वाढवलं होतं. पण मघापासून त्या घोडीकडे नव्हे, दिराच्या मानेकडे बघत होत्या. शामियाना आला की ती मान वळे, मागोमाग खांदा वळे, भार बाहेरच्या रिकिबीवर जाई, आणि घोडी बिचारी तो हुकूम पाळी.

"भावोजी, एक शेवटची फेरी घ्या," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांनी तेवढं पाठ फिरवून बसावं. बुजत असेल ती."

पाहुणे वळून बसले. शिपाई बंदूक रोखून उभा राहिला. साळुंकी निघाली आणि रेघ न सोडता अख्खं रिंगण फिरून आली.

"बघितलंत?" सरदार फुशारले. "बंदूक बघून वठणीवर आली!"

"बंदूक मघाशीही शिपायाच्या खांद्यावर होतीच की, कमरेला तुमच्या तलवारही होती. बदललं एकच. वाहवा करणाऱ्यांची तोंडं दिसेनात, म्हणून तुमची नजर रिंगणात राहिली. आता गोळी घालायचीच असेल, तर पाहुण्यांना घाला!"

शामियान्यातल्या पाठी हसून गदगदू लागल्या. सरदारांनी मात्र या वेळी तिकडे मान वळवली नाही.