तुला भूक लागली का?

एका राज्यात डोंगर बोलायचे आणि नद्या ऐकायच्या. माणसं मात्र दोन्ही कामं जरा हात राखूनच करायची. तिथला राजा उदयभान, त्याची राणी शेवंता, आणि एकुलती एक राजकन्या बकुळा.

बकुळा सोन्यासारखी पोर. पण कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. दिवसभर चांदीची वाटी फरशीवर गरगर फिरवी. दरबाराचा नगारा वाजला की कान दाबून किंचाळे. दासी ताट आणून विचारी, "तुला भूक लागली का?" तर पोर तेच शब्द परत करी, "तुला भूक लागली का?"

झालं. सरदारांच्या बायका सल्ले घेऊन हजर. एक म्हणाली, जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवा. दुसरी म्हणाली, दृष्ट आहे. तिसरीनं सगळा दोष राणीच्या डोहाळ्यांवर टाकला आणि जाताना लाडू बांधून घेतले.

एके दिवशी करालकेतू जादूगार धुरातून खाली उतरला. म्हणाला, पोर चुकीची आली आहे, बदलून देतो. राज्यातली कित्येक मुलं त्यानं अशीच नेली होती आणि बदल्यात त्याच चेहऱ्याची, गोड बोलणारी, मुजरा करणारी मेणाची मुलं दिली होती. नेलेली मुलं त्याच्या अंगणात दगड होऊन उभी असत. सगळ्यांना ठाऊक होतं; बोलत कुणी नव्हतं.

राजा नुसता मुकुट सावरत बसला. राणीनं मुदत मागितली.

"पुनवेपर्यंत तीन गोष्टी दाखव," जादूगार म्हणाला. "नगाऱ्याला पोर किंचाळू नये. तिनं तुझ्या डोळ्यांत बघावं. आपली भूक आपल्या तोंडानं सांगावी. न जमलं, तर पोर माझी."

राणीनं काय काय केलं म्हणता! पोरीला नगाऱ्यापाशी बसवलं, हनुवटी धरून तोंड वळवलं, भुकेचं वाक्य घोकून घेतलं. पोरीनं जेवण सोडलं, राणीची झोप उडाली. हताश होऊन तिनं पिंजऱ्यातल्या राघूला विचारलं. त्या राज्यात राघू बोलत, त्याचं नवल नाही. त्यांना कुणी विचारत नसे.

राघू म्हणाला, "राणीसाहेब, मी 'राघू, पेरू घे' म्हणतो, तेव्हा पेरू कुणाला हवा असतो?"

"तुलाच."

"मग मी चुकीचं बोलतो का?"

राणीच्या ध्यानात आलं. जन्मापासून ताटाआधी तेच शब्द आले होते. पोरीच्या लेखी भुकेचं नावच ते. इतक्यात बकुळा म्हणाली, "तुला भूक लागली का?" राणीनं काही न विचारता वरणभात कालवून पुढं ठेवला. पोर बोटं चाटूनपुसून जेवली.

मग राणीनं काम उलट्या टोकानं धरलं. नगाऱ्याला लोकर गुंडाळली. स्वतः फरशीवर पालथी पडून वाटीचं फिरणं बघू लागली. दासी पदराआड हसल्या, हसू देत. चकचकीत वाटीत दोन चेहरे दिसले. तिथं बकुळेनं आईकडं पाहिलं आणि खुदकन हसली.

पुनवेला करालकेतू आला. नगारा वाजला तो डुब, डुब. पोर शांत.

"तू नगारा बदललास, पोर नव्हे."

"होय," राणी म्हणाली. मग तिनं वाटी फिरवली आणि मायलेकींची नजर वाटीत भेटली.

इतक्यात बकुळा म्हणाली, "तुला भूक लागली का?"

जादूगार खदखदून हसला. "आपली भूक मलाच विचारते! राणी, 'ही माझी नव्हे' एवढं म्हण, मी शहाणी पोर देतो." आईच्या तोंडून ते शब्द निघाल्याखेरीज त्याची जादू चढत नसे, आणि उलटे शब्द निघाले तर ती त्याच्यावरच उलटे.

राणी म्हणाली, "ही माझी आहे. आणि ती बरोबर बोलली."

करालकेतूचा धूर झाला. शाप तुटला, अंगणातले दगड मुलं होऊन घरोघर परतले. कुणी हात फडफडवत, कुणी गुणगुणत, कुणी चवड्यांवर चालत. आयांनी आधी पदरात तोंड लपवलं, मग तोच पदर पसरला. मेणाची मुलं वितळली. वर्षभर मेणबत्त्यांची ददात पडली नाही.

राजा मात्र खाली मान घालून फिरे. एका दुपारी तो मुकुट काखेत धरून मुदपाकखान्यात आला, लेकीसमोर पाटावर बसला आणि चाचरत म्हणाला, "तुला भूक लागली का?"

बकुळेनं त्याच्याकडं पाहिलं नाही. आपल्या ताटातला अर्धा भात तिनं त्याच्या पुढ्यात सरकवला.

राजा जेवला, राज्य निवलं. ऐकणाऱ्यांची घरंही तशीच निवोत.