भाजणीतला तांदूळ

धान्यं बोलत आणि माणसं त्यांचं ऐकत, त्या काळातली ही गोष्ट. द्वारका थालीपिठाची भाजणी दळायला बसली तेव्हा तांदूळ ठसक्यात म्हणाला, "त्या काळ्या उडदाबरोबर मी जात्यात पडणार नाही. तुझ्या लेकीला, शेवंताला, खो-खो खेळायला मी एकटा पुरेन."

"बघू तरी," म्हणत द्वारकाने नुसता तांदूळ दळला. थालीपीठ तव्यावर उलटताना त्याचे तुकडे झाले. तेच खाऊन गेलेली शेवंता अर्ध्या सामन्यातच धापा टाकत बसली. संघ कसाबसा वाचला.

अंतिम सामन्याच्या सकाळी तांदूळ आपणहून उडदाला म्हणाला, "दादा, जरा सरकून घे."

"ये की," उडीद म्हणाला.

ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळही आली. सगळ्यांना भाजून द्वारकाने एकत्र दळलं. पिठात मेथी पडली, थालीपीठ अखंड उलटलं, शेजारी दह्याची वाटी आली.

त्या दिवशी शेवंता शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागली नाही. ढोल वाजवत मिरवणूक दारात आली, तेव्हा डब्यातलं पीठ एका आवाजात म्हणालं, "आपण जिंकलो."

त्यातला तांदळाचा आवाज कुठला, ते जात्यालाही ओळखता आलं नाही.