पेटी रिकामी करून दे

"म्हणजे पेटी परत घेणार नाही तुम्ही, मास्तर?"

निशिकांतने रंगांची पेटी बाकावर ठेवली. बारा वर्षांपूर्वी पोवार मास्तरांनीच ती त्याला दिली होती. मास्तर पन्हाळ्याच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीसमोर, नेहमीसारखे डोंगर रंगवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"देतोस कशाला?"

"चित्र होत नाही. बक्षीस मिळालं तेव्हापासून एकही नाही. आठ महिने झाले."

"बसतोस तरी का?"

"रोज! पूर्ण तयारीनं बसतो."

त्याने पिशवीतून वही काढली. पानापानावर रंगाच्या चौकटी, खाली बारीक अक्षरात कशात काय किती मिसळायचं ते. सकाळचा डोंगर, दुपारचा डोंगर, ढगाखालचा डोंगर. दाखवताना गड्याची मान जरा ताठच झाली.

"यातला एक रंग चुकीचा दाखवा. तरी कागदावर सगळं मेलेलं दिसतं, मास्तर... मला आता ब्रश धरायची भीती वाटते."

मास्तरांनी वही चाळली, मिटली, बुडाखाली घेतली आणि तिच्यावर नीट बसले.

"घेतो पेटी. पण भरलेली घेत नाही मी. रिकामी करून दे."

"कशावर?"

मास्तरांनी एक कोरा कागद पुढे सरकवला.

"काय काढू?"

"काढतोस कशाला? संपव की."

निशिकांत चिडला. सोडायचंच आहे तर जपायचं कुणासाठी? एरवी ब्रशच्या टोकाला जेमतेम लावून घ्यायचा तो निळा त्याने ब्रश भरभरून घेतला आणि आभाळभर ओतला. पिवळा त्यात घुसला. घुसू दे. तांबडा ओघळला. ओघळू दे.

थोड्या वेळाने त्याने मान वर करून डोंगराकडे पाहिलं.

"मास्तर, त्या कड्याखाली जांभळा आहे हो!"

"काल नव्हता?"

"असेल. मी वहीत बघत होतो."

टपरीवाल्या शांताक्का चहाचे दोन ग्लास ठेवून गेल्या. निशिकांतची नजर डोंगरावरून हलेना. त्याने न बघता ब्रश बुडवला आणि उतारावर आडवा ओढला.

मग खाली पाहिलं.

ब्रश चहात बुडवला होता. कागदावर दुधाचा चहा पसरला होता.

तो कागदाकडे बघत राहिला. मग डोंगराकडे. मग पुन्हा कागदाकडे. उतारावरचं वाळलेलं गवत, उन्हासकट, जसंच्या तसं उतरलं होतं.

तो हसायला लागला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आठ महिने छातीवर बसलेलं काहीतरी एकदम उठून गेलं आणि त्याला पोटभर श्वास घेता आला.

"हाच! हाच सापडत नव्हता मला! वही द्या मास्तर, लिहून ठेवतो."

मास्तर वहीवरून उठले नाहीत.

निशिकांतने हात मागे घेतला. पेटीकडे पाहिलं.

"अर्धीसुद्धा संपली नाही हो... उद्या येऊ?"

मास्तरांनी निळसर झालेला तो ग्लास उचलला, पेटीशेजारी पाण्याच्या डब्याला लागून ठेवला आणि टपरीकडे वळून हाक मारली,

"शांताक्का, तीन चहा! दोन प्यायला."