वक्रांगुलाचे बोट

परवा देवळाच्या आवारात एका अनोळखी गृहस्थाने चार बोटे आत वळवून बोलावले आणि माझी पाच वर्षांची शाल्मली माझा हात सोडून सरळ त्याच्याकडे गेली. त्याच्या हातात प्रसादाचा पेढा होता. माणूस सज्जनच होता. पण पेढा नसता तरी ती गेलीच असती, या विचाराने माझा डोळ्याला डोळा लागला नाही. रागावणे मला नीट जमत नाही, म्हणून सकाळी वेणी घालता घालता तिला ही कथा सांगितली. इथे ती जरा भारदस्त भाषेत मांडते आहे. पुराणिकाचा आव मला कितपत पेलतो, ते वाचणाऱ्यांनी ठरवावे.

इंद्राने पर्वतांचे पंख नुकतेच छाटले होते आणि सह्याद्री आपल्या जखमा सावरत समुद्राकाठी स्थिर होऊ पाहत होता, त्या काळी त्याच्या कुशीत, हिरडा-जांभळांच्या निबिड छायेत, महर्षी सौम्यश्रवांचा आश्रम होता. महर्षी अखंड समाधीत असत. आश्रम चालवी ती त्यांची पत्नी सुव्रता. तिचे व्रत एकच होते: अन्न मागणाऱ्याला नकार द्यायचा नाही. माध्यान्ही वैश्वदेव आटोपला, की डाव्या तळहातावर भाताची मूद घेऊन ती अंगणाच्या कडेला उभी राही आणि उजव्या हाताची बोटे लाटेसारखी एकामागून एक आत वळवी. त्या खुणेसरशी मोर, ससे, साळिंदरे निर्धास्त धावत येत. सर्वांपुढे असे चित्रा, आईविना वाढलेले भेकराचे पाडस, ज्याला सुव्रतेने दुधात भिजवलेल्या चिंधीवर जगवले होते.

एके दिवशी ब्रह्मचाऱ्याच्या वेषात वक्रांगुल नावाचा राक्षस तिथे आला. मायावी विद्येने त्याने सुळे लपवले होते, शिंगे लपवली होती. तर्जनी मात्र लपली नव्हती. फिकट, हाडच नसल्यासारखी लिबलिबीत, सदा ओलसर, सडक्या फळातून डोके बाहेर काढणाऱ्या अळीसारखी.

"माते, ही खूण मला शिकव," तो म्हणाला. "तू थकलीस की मी बोलावीन या लेकरांना."

"शीक की, बाळा. पण हाती अन्न नसताना ती करायची नाही हो."

"छे, छे! असे कोण करील?"

सुव्रता हसली. नियम सांगितला की तो पाळला जातो, याहून निराळे त्या आश्रमात कधी घडलेच नव्हते.

पुढे पिल्ले नाहीशी होऊ लागली. "वाघ माजलाय, माते," असे म्हणून वक्रांगुल सुस्कारा टाकी आणि पानावर आणखी भात वाढून घेई.

एका सकाळी घडा घेऊन नदीकडे जाताना सुव्रतेला करवंदीच्या जाळीमागून दुर्गंध आला. माशांचा घोंगाट होता. जाळीच्या बुडाशी चघळून थुंकलेली पिसे, लाळेने चिकटलेल्या लोकरीचे गोळे, नखाएवढाले खूर पडले होते. त्या घाणीत तो बसला होता, पोट मांडीवर सांडलेले, ओठांवरून लाळेची तार लोंबत असलेली. आणि पानांतून फक्त ते बोट बाहेर काढून तो हळुवार, मायेने, अगदी तिच्यासारखे वळवीत होता. वाघ झडप घालतो, रक्त सांडतो. त्याची भीती वाटते, किळस येत नाही. इथे भक्ष्य आपल्या पायांनी, जिभेवर घासाची आशा घेऊन चालत येत होते.

आणि चित्रा येत होती.

"चित्रे, थांब! मागे फीर!" पाडसाचे कान हलले, पण डोळे बोटावरून ढळले नाहीत. आवाजापेक्षा त्या खुणेवरच अधिक विश्वास ठेवायला सुव्रतेनेच तिला शिकवले होते. आता हाक निरुपयोगी होती, आणि धावत गाठण्याएवढा वेळ उरला नव्हता. सुव्रतेने घडा खाली टाकला, रिकामा हात पुढे केला आणि तीच खूण केली.

चित्रा थबकली. वळली. उड्या मारीत येऊन तिने तळहातात नाक खुपसले. काही नव्हते. दुसरा तळहात हुंगला. तिथेही नव्हते. तिने मान वर करून सुव्रतेच्या तोंडाकडे पाहिले, एक एक पाऊल मागे सरली, आणि अरण्यात शिरली. ती परत कधी आली नाही.

जाळीतून हसणे ऐकू आले. "वा, माते, वा! सांग आता, तुझ्या हातात आणि माझ्या हातात फरक तो काय? दोन्ही रिकामेच की!"

सुव्रतेने आपल्या रिकाम्या तळहाताकडे पाहिले, आणि तिचा क्रोध अनावर झाला. "नीचा! ज्या हातांनी तू मायेचे सोंग आणलेस, ते हात गळून पडोत! पाय गळोत! पोटावर सरपटत राहा. हे किळसवाणे बोट मात्र तुझ्या शेपटाच्या टोकाला लटकत राहील, म्हणजे तू कोण होतास ते कोणी विसरणार नाही!"

त्याचे अवयव ओल्या मातीसारखे विरघळू लागले. अंगावर हिरवे खवले उमटताना तो कण्हला, "माते, भुकेला आहे. हातपाय नाहीत, मी खाऊ काय?"

अन्न मागणाऱ्याला नकार न देण्याचे व्रत होते. सुव्रतेने तोंड फिरवले. मग म्हणाली: "त्या बोटाने जे येईल ते."

म्हणून आजही सह्याद्रीच्या रानात चापडा नावाच्या हिरव्या विषारी सापाचे पिल्लू फांदीवर पानासारखे निश्चल पडून राहते आणि फक्त शेपटीचे टोक अळीसारखे वळवते. बेडूक टपोऱ्या डोळ्यांनी, मोठ्या आशेने, उड्या मारीत जवळ येतो. आणि म्हणूनच भरल्या मुदीने कितीही बोलावले तरी रानातले भेकर माणसाच्या हाताशी येत नाही.

कथा संपली तशी वेणीही झाली. उठून मी दारात उभी राहिले आणि हात पुढे केला. "चल गं बाई, दूध निवतंय."

शाल्मली जागची हलली नाही. माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "आधी दूध दाखव."