हौसाची पहिली सतरंजी

ओढ्याकाठच्या एका गावात सतरंज्यांचा मोठा कारखाना होता. तिथे नवी माणसं पाडव्याला घेत, पण काम मिळायचं ते ओळखीवर. आतल्या कुणीतरी नव्या माणसाची हमी घ्यायची, मग मुकादम त्याला मागावर बसवायचा. पहिली सतरंजी चांगली उतरली तर काम पक्कं. बिघडली तर नवा माणूस घरी, आणि हमी घेणाराही घरी. त्यामुळे जो तो आपल्याच भाच्यापुतण्यांची हमी घ्यायचा. ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं आत कुणी नव्हतंच, मग त्यांची हमी घेणार कोण? गाव मात्र म्हणायचं, त्या लोकांच्या हाताला वळणच नाही.

कारखान्यात सगुणाक्का नावाची जुनी विणकरीण होती. इतकी भित्री, की मागे कुणी खाकरलं तरी दचकायची. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. माग होता म्हणून चूल पेटत होती. बाजारात ती वस्तीतल्या हौसाकडून शिंदीच्या पानांची चटई घ्यायची. वीण घट्ट, कडा सरळ. हीच हौसा दर पाडव्याला कारखान्याच्या दारात उभी राहायची आणि तशीच परत जायची.

त्या पाडव्यालाही मुकादमाने विचारलं, हिची हमी कोण घेतं? कुणी मान वर केली नाही. आणि सगुणाक्काच्या तोंडून निघून गेलं, "मी घेते." बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली.

"अक्का, घरी बसायची एवढी घाई झाली का?" शेजारच्या मागावरची बाई हसली.

हौसा कामाला लागली. दिवसभर मान खाली. जेवणाच्या सुट्टीत सगळे चिंचेखाली गोल करून बसायचे. ती लांब, पायरीशी. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं, पण ये असंही म्हटलं नव्हतं. सगळ्यांतून उठून तिच्याकडे जायचा धीर सगुणाक्कालाही झाला नाही.

सतरंजी निम्मी झाली आणि कडा आत ओढल्या जाऊ लागल्या. सुरुवातीला रुंद, पुढे अरुंद. मुकादमाने ती सगळ्यांना दाखवली. मग सगुणाक्काला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "अक्का, सतरंजी अजून मागावरून उतरलेली नाही. हमी मागे घ्या, तुमचा माग वाचेल. भल्याचंच सांगतोय."

हो म्हटलं की सुटका होती. पण सगुणाक्का आधी हौसाकडे गेली. "धागा इतका ओढून का घेतेस गं?"

"चटईला ओढूनच घ्यावा लागतो ना, अक्का. नाहीतर वीण सुटते."

"इथे आडवा धागा सैल सोडायचा, कमानीसारखा. मग ठोकायचा. तुला कुणी सांगितलं नाही?"

"कुणीच नाही," हौसा म्हणाली.

सगुणाक्काला आठवलं. तिला स्वतःला हे आईने सांगितलं होतं, घरच्या मागापाशी खेळता खेळता. बाकीच्यांना कळलं ते चिंचेखाली, भाकरी खाताना. ज्याला गाव हाताचं वळण म्हणत होतं, ते असं कुणाच्या तरी शेजारी बसून मिळालेलं होतं.

ती मुकादमापुढे उभी राहिली. "हमी राहू द्या," ती म्हणाली. "हात तिचा चुकलेला नाही. आम्हीच तोंड उघडलं नाही."

मग तिने आपली भाकरी उचलली आणि सगळ्यांदेखत पायरीशी जाऊन बसली.

हौसाने विणलेलं सगळं उसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. अडेल तिथे आता ती विचारायची, आणि सगुणाक्का सांगायची. सतरंजी उतरली तेव्हा कारखान्याच्या मालकिणीने ती जमिनीवर अंथरली, कडेवरून हात फिरवला; कडा शेवटपर्यंत सरळ होत्या. आधीचं बिघडलेलंही तिच्या कानावर आलं होतं. तिने दोघींना विचारून सगळं समजून घेतलं आणि सांगितलं, यापुढे हमी नको. दारात येईल त्याला आधी जुन्या माणसाशेजारी बसवा, शिकवा, आणि मग पारखा.

पुढच्या पाडव्याला वस्तीतून बऱ्याच बाया आल्या. जेवायची वेळ झाली तशा त्या सवयीने लांब, भिंतीकडेला बसल्या. मग चिंचेखालून मुकादम उठला, आपलं भाकरीचं फडकं उचललं आणि त्यांच्यात जाऊन बसला. "कालवण कसलं आणलंय?" त्याने विचारलं.

तात्पर्य एवढंच: कुणाच्या हाताला वळण नाही म्हणण्याआधी, त्याला आपण कधी शेजारी बसवून घेतलं होतं का, ते आठवावं.