एकच पाइन उभा आहे ती उतरण

गाडी इथेच थांबवा आणि समोर बघा. उतरणीवर तोडलेल्या झाडांचे बुंधेच बुंधे दिसतात आणि त्यांच्यामध्ये एकच उंच पाइन उभा आहे. त्याला साल नाही, पान नाही. तो माझ्या आजीच्या जन्माआधीच वाळला. फोटो हवे तेवढे काढा, हात मात्र लावू नका. माझे नाव लोरीन. आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे मला एकदाच सांगायची सवय आहे.

मी यूट, गोरे येण्याआधीपासून इथे राहणाऱ्या जमातीपैकी. हे सगळे डोंगर आमच्या लोकांचे होते. उन्हाळ्यात हरणांच्या मागे वर जायचे, बर्फ पडू लागले की खाली नदीकाठी उतरायचे. जाताना कुणी कुंपण घातले नाही, कारण परत यायचे हे ठरलेलेच असे. शेजारच्या राज्याला आमचेच नाव दिले आहे. नाव दिले आणि जमीन घेतली, असा तो व्यवहार.

आमच्या लोकांना इथून बंदुकीच्या धाकाने नदीपलीकडे हाकलले, तेव्हा एक लहान टोळी डोंगरात लपून राहिली, असे सांगतात. पुढच्या वसंतात सैनिकांनी तिला शोधून काढले. घोडे घेतले, बंदुका घेतल्या आणि लोकांना या उतरणीवर आणून बसवले. खाली नदीला बर्फाचे पाणी आले होते. ते उतरेपर्यंत थांबायचे आणि मग पलीकडे जायचे, असा हुकूम होता. खायला काय, याबद्दल हुकूम नव्हता. सैनिक आमच्याच घोड्यांना ओट घालत, आणि आमच्या बायका त्या घोड्यांच्या लिदीतून दाणे वेचून, धुऊन मुलांना देत.

मग लोक झाडांकडे वळले. वसंतात पाइनच्या सालीखाली एक पांढरा, गोडसर पदर असतो. तो खाऊन माणूस तगतो. पण त्याची रीत आहे. एका झाडाची एकाच बाजूने, तळहाताच्या रुंदीची साल काढायची. सभोवार काढली की झाड मरते. टोळीचा म्होरक्या एक म्हातारा होता. त्याने प्रत्येक झाडाची एकेक पट्टी स्वतः मोजून दिली, आणि त्या पट्ट्या संपल्या तेव्हा सुऱ्या गोळा करून आपल्यापाशी ठेवल्या. "पुढच्या वसंतात आपण परत येऊ, तेव्हा काय खाणार?" असे तो म्हणाला म्हणे. पहारेकरी उशाशी उभे होते, आणि ही माणसे पुढच्या वर्षाची बेगमी करत होती. मला याचा राग येतो आणि रडूही येते.

म्हाताऱ्याची मुलगी त्याच टोळीत होती. गेलेल्या माणसाचे नाव आम्ही घेत नाही, म्हणून तिला नुसती वाळुंज म्हणतो. नदीकाठी वाळुंज उगवते, तेवढाच संबंध. तिचा मुलगा भुकेने गेला. त्याला पुरले त्या दिवशी धाकटी मुलगीही मान धरेनाशी झाली. वाळुंज बापाकडे सुरी मागायला गेली.

"बाबा, एक झाड द्या मला. एकच."

"झाड माझं नाही पोरी. परत येणाऱ्यांचं आहे."

"परत कोण येणार आहे?"

हे तोवर कुणी बोलले नव्हते. तिने चुलीजवळचा धारदार दगड उचलला आणि सगळ्यांच्या देखत या समोरच्या पाइनची साल सभोवार, हात पोहोचेल तिथपर्यंत उतरवली. मुलीला चावून चावून भरवले. मूल वाचले. ज्यांची मुले दगावली होती ते बघत राहिले.

म्हाताऱ्याने त्याच दिवशी निवाडा केला. हिने आपले परतणे मारले, आता हिला कुणी हात द्यायचा नाही. टोळीने ते मानले. काहींनी मनापासून मानले, असे सांगतात, कारण आपले लेकरू आपण रीत पाळून गमावले हे कुणाला सोसवणार?

पाणी थोडे उतरले तशी सैनिकांनी घाई केली. नावा नव्हत्या, घोडे दिले नाहीत. अशा वेळी आमचे लोक हातात हात धरून साखळी करतात आणि म्होरक्या सर्वांत शेवटी राहतो. म्हातारा शेवटी होता. त्याच्यामागे वाळुंज, पाठीवर मूल घेऊन, एकटी. मधल्या धारेत तिचे पाय सुटू लागले तेव्हा तिने मूल पुढे केले.

"हिला तरी घ्या."

त्याने नातीला मोकळ्या हाताने घेऊन खांद्यावर बसवले. वाळुंजीने हात पुढे केला. त्याने तो पाहिला, असे सगळेच सांगतात. सैनिक काठावरून ओरडत होते की म्हाताऱ्या, धर तिला. त्याने धरले नाही. नदीने तिला नेले, आणि तिचे शरीरही सापडले नाही.

ती मुलगी म्हणजे माझी पणजी. पलीकडच्या रखरखीत जमिनीवर ती आजोबांपाशीच वाढली. दर वसंतात म्हातारा कचेरीत जाऊन परतायची परवानगी मागे आणि नकार घेऊन येई. पणजी मोठी झाल्यावर कुणा गोऱ्याकडे कामाला लागली, आणि त्याच्या गाडीबरोबर तिला एकदा इकडे यायला मिळाले. ती परत गेली तेव्हा म्हातारा दारातच बसला होता. आता त्याला दिसत नव्हते.

"झाडं कशी आहेत?" त्याने विचारले.

"सॉ-मिलवाल्यांनी नेली. सगळी. आपण गेलो त्याच वर्षी."

"एकही नाही?"

"एक आहे. वाळलेलं म्हणून त्यांनी सोडलं."

कोणते, हे त्याने विचारले नाही. त्याने तिच्या दिशेने हात पुढे केला. पणजी तिथेच उभी होती. तिने तो धरला नाही. त्यानंतर म्हातारा पुष्कळ वर्षे जगला म्हणे, आणि पणजीने त्याला रोज जेवायला वाढले, पण ताट खाली ठेवून, हातात न देता.

तो गेल्यावर ही चाल पणजीनेच घालून दिली. आजही इकडे येताना आमची माणसे खालच्या, त्याच नदीवरच्या पुलाशी गाडीतून उतरतात आणि ज्याच्याशी बोलणे बंद असेल त्याचाच हात धरून पूल चालत ओलांडतात. पलीकडे पोहोचल्यावर हात सोडावा, पुन्हा अबोला धरावा, कुणी काही म्हणत नाही. पाण्यावर असताना मात्र तसे चालत नाही.